खसखस, आडनाव आणि पासपोर्टची एक्सपायरी

परदेश प्रवासाबद्दल काय विचारायचंय ते विचारा असं मागच्या अंकात लिहिलं होतं, तर प्रश्नांचा ढीगच आला. तिकडे काय बघायचं, शॉपिंग कुठे करायची वगैरे प्रश्न पुढच्या वेळी घेईन. आधी तयारीचे घेते, कारण इतकी वर्षं ग्रुप घेऊन जातेय त्यात ज्यांच्या ट्रिपा बोंबलल्या त्या तिकडे पोचून नाही बोंबलल्या, इथेच, चेक-इन काउंटरवर नाहीतर घरात बॅग भरतानाच बोंबलल्या.

प्रश्न : आम्ही चौघं मे महिन्यात पॅरिस, स्वित्झर्लंड, इटली करतोय, २८ मेला परत निघणार. माझा पासपोर्ट १० ऑगस्टला संपतो. एजंट म्हणतो चालतंय. आणि फ्रान्सची अपॉइंटमेंट मिळत नाहीये, तर ज्या देशाची आधी मिळेल त्याचा व्हिसा काढला तर चालेल का? – एक वाचक, सातारा

नाही चालणार, दोन्ही नाही चालणार, आणि त्या एजंटला माझा नमस्कार सांगा. शेंगेनचा, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांचा, नियम असा आहे की तिकडून निघायच्या तारखेच्या पुढे कमीत कमी ३ महिने पासपोर्ट व्हॅलिड पाहिजे. म्हणजे तुमचा निदान २८ ऑगस्टपर्यंत हवा, तुम्ही अठरा दिवसांनी कमी पडताय. शिवाय तो गेल्या १० वर्षांत काढलेला हवा आणि आत दोन पानं कोरी हवीत. सिंगापूर, दुबई, थायलंडवाले तर ६ महिने बघतात, म्हणून मी सगळ्यांना सरसकट सहाच सांगते, प्रत्येक देशाचा वेगळा हिशोब कोण लक्षात ठेवणार. रिन्यूअल एक्सपायरीच्या वर्षभर आधीपासून करता येतं हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. ३६ पानी पासपोर्टची फी १५०० रुपये, तत्काळ हवा असेल तर वर २०००. आधी नवीन पासपोर्ट हातात घ्या, मग व्हिसाचा फॉर्म भरा, कारण फॉर्ममध्ये पासपोर्ट नंबर जातो आणि तो बदलला की सगळं पहिल्यापासून.

आता देशाचं. अर्ज कुठे करायचा हे अपॉइंटमेंट बघून ठरत नाही, रात्री मोजून ठरतं. सगळ्यात जास्त रात्री ज्या देशात त्या देशाकडे अर्ज, आणि सारख्याच असतील तर जिथे पहिल्यांदा उतरणार त्या देशाकडे. पॅरिस ३, स्वित्झर्लंड ४, इटली ३ असं असेल तर तुम्ही फ्रान्सच्या रांगेत उभेच कशाला आहात, तुमचा व्हिसा स्विस! आणि खोटं हॉटेल बुकिंग दाखवून दुसऱ्याच देशाचा काढायचा उद्योग करू नका, तिकडे एअरपोर्टवर हॉटेलचा कागद मागतात. अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो, मोठ्यांची फी ९० युरो, अर्ज घेणाऱ्या व्हिसा सेंटरचा सर्व्हिस चार्ज वेगळा, व्हिसा नाकारला तर काहीही परत मिळत नाही. इन्शुरन्स किमान ३०,००० युरो कव्हरचा लागतो. बँक स्टेटमेंटचं एक सांगते, अर्ज करायच्या आठवड्यात मेहुण्याकडून तीन लाख खात्यात टाकून घेतले की ते स्टेटमेंटमध्ये ठळक दिसतात हो, त्यांनाही दिसतात. त्यापेक्षा कमी शिल्लक असू दे पण नियमित असू दे. आणि जाताजाता, लंडन 'तिकडेच आहे तर करून येऊ' असं होत नाही, त्याला यूकेचा वेगळा व्हिसा लागतो.

प्रश्न : माझ्या पासपोर्टवर माहेरचं नाव आहे, आधार आणि पॅनवर सासरचं. मिस्टरांनी तिकीट सासरच्या नावाने काढलंय. लग्नाचं सर्टिफिकेट दाखवलं की होईल का? – एक वाचक, नाशिक

ताई, नाही होणार. परदेशात तुमचं आधार कोणी बघत नाही, पॅन तर नाहीच नाही. तिथे तुम्ही म्हणजे तुमचा पासपोर्ट, आणि तिकिटावर जे नाव असेल ते पासपोर्टवरच्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे. आजच एअरलाईनला फोन करा. स्पेलिंगमधलं एखाददुसरं अक्षर बहुतेक कंपन्या दुरुस्त करून देतात, पण अख्खं आडनाव बदलायचं म्हटलं की त्यांना तो दुसराच माणूस वाटतो आणि मग कॅन्सल करून नवीन काढायला सांगतात. जेवढा उशीर तेवढं तिकीट महाग.

लग्न झालं म्हणून पासपोर्टवर नाव बदललंच पाहिजे असा काही नियम नाही. माहेरच्या नावाने बिनधास्त फिरा, व्हिसा आणि इन्शुरन्सही त्याच नावाने काढा, फक्त सर्टिफिकेटची कॉपी जवळ ठेवा म्हणजे नवऱ्याचं आणि तुमचं आडनाव वेगळं का असं कोणी विचारलं तर दाखवता येईल.

आपल्या मराठी नावांची दुसरी गंमत म्हणजे मधलं नाव. पासपोर्टवर दोनच रकाने असतात, सरनेम आणि गिव्हन नेम, आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असेल तर ते गिव्हन नेममध्येच स्वतःच्या नावापुढे येतं. तिकीट काढताना मुलं फक्त पहिलं नाव आणि आडनाव टाकून मोकळी होतात, तसं करू नका, पासपोर्ट समोर उघडा ठेवून त्यात जसं आहे तसं टाईप करा. आणि ज्यांच्या पासपोर्टवर सरनेमचा रकाना रिकामाच आहे, सगळं नाव म्हणजे एकच शब्द, त्यांनी दुबईचं बुकिंग करायच्या आधी नीट चौकशी करा. नोव्हेंबर २०२२ पासून यूएईने (दुबई ज्या देशात आहे तो) एकेरी नावावर व्हिजिट व्हिसाने येणाऱ्यांवर बंधन आणलंय आणि अशा लोकांना विमानात बसायच्या आधीच थांबवलं जातं.

प्रश्न : मुलगा आणि सून दुबईत असतात. दिवाळीला आम्ही दोघं पहिल्यांदाच जातोय. चकल्या, चिवडा, अनारसे, कैरीचं लोणचं, घरचा मसाला, तूप, खोबरं असं न्यायचा विचार आहे. किती किलोपर्यंत चालतं? – एक आई, चिपळूण

काकू, किलोचं नंतर बघू. आधी त्या अनारशांना यादीतून काढा.

अनारसा थापताना आपण काय करतो, खाली खसखस पसरतो आणि त्यावर गोळी थापतो. आणि खसखस म्हणजे अफूच्या बोंडातलं बी. आपल्याकडे ती वाण्याकडे पुडीत मिळते, दिवाळीत तर पाव किलो आणतो, पण यूएईमध्ये तिच्यावर बंदी आहे आणि मामला थेट अंमली पदार्थांच्या कायद्यात जातो. सिंगापूरलाही खसखस चालत नाही. 'अहो फराळाचं आहे' हे तिथल्या माणसाला कसं समजावणार तुम्ही? आणि फक्त अनारसे नाहीत हं, घरच्या मसाल्यात काय काय घातलंय ते आठवा. मालवणी मसाल्यात खसखस असते, गोड्या मसाल्यात बऱ्याच घरी घालतात, काही जणी करंजीच्या सारणातसुद्धा भाजून घालतात. घातली असेल तर तो डबा घरीच राहू दे. काकांना विड्याची सवय असेल तर पानं, पानमसाला, गुटखा यातलं काहीही घ्यायचं नाही, खिशात राहिलेली पुडीसुद्धा नाही. आमच्याकडे निघायच्या आदल्या दिवशी सगळ्यांना शर्ट-पॅंटचे, पर्सचे, जॅकेटचे सगळे कप्पे उलटे करायला लावते मी. हसतात लोक, हसू देत.

चकली, शेव, चिवडा, शंकरपाळे यांना काही प्रॉब्लेम नाही. खोबऱ्याच्या सुक्या वाट्या मात्र नकोत. त्यात तेल इतकं असतं की ढिगाने ठेवल्या तर आपोआप गरम होऊन पेट घेऊ शकतात म्हणून विमानाच्या सामानात त्या घेत नाहीत, स्कॅनरमध्ये दिसल्या की बॅग उघडायला बोलावतात. दुबईत खोबरं ढीगभर मिळतं, उगाच कशाला.

लोणचं आणि तूप चेक-इन बॅगेत. हे मी अनुभवाने सांगतेय, कारण माझ्या आईने मला एकदा कैरीचं लोणचं दिलं, काचेची बरणी, तोंडाला फडकं, त्याला दोरा, वर तीन पिशव्या, आणि बॅगेत सांडेल म्हणून हातातल्या पर्समध्ये ठेवलं मी. सिक्युरिटीच्या माणसाने एकेक पिशवी काढली, फडकं सोडलं, तेल वर तरंगत होतं ते बघितलं आणि म्हणाला, मॅडम, हे लिक्विड. मी म्हटलं, अहो फोडी आहेत. तो म्हणाला, फोडी घेऊन जा, तेल ठेवा. मागे रांग, मला हसू येईना आणि रडूही. बरणी तिथेच गेली. १०० मिलिलीटरच्या वर कुठलंही पातळ किंवा दाट वाहणारं काही केबिनमध्ये चालत नाही, त्यात लोणचं, तूप, काकवी, ओली चटणी सगळं आलं. बरणी १०० च्या वरची आणि आत चमचाभर तूप, तरी चालत नाही, ते मोजतात डब्याचं माप.

तेव्हापासून काच बंद. लोणचं प्लास्टिकच्या डब्यात, झाकणाला टेप, मग झिपवाली पिशवी, मग जुना टॉवेल, आणि बॅगेच्या मधोमध, कडेला नाही. पिठं, मेतकूट, चटण्या शक्यतो दुकानातलं सीलबंद पाकीट घ्या, ज्यावर इंग्रजीत नाव छापलंय असं. घरची पांढरी पावडर बिनलेबलच्या पिशवीत नेली की कोणालाही शंका येणारच, तुम्हाला नाही येणार?

बाकीच्या वाचकांसाठी, हेच सगळं युरोपला नेणार असाल तर नियम वेगळे. तिथे बाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, म्हणजे तूप, पेढे, बर्फी, पनीर काही नाही. ऑस्ट्रेलिया तर सगळ्यात कडक, पण तिथे एक बरं आहे, उतरायच्या आधी भरायच्या कार्डावर खरं लिहून दिलं की फार तर ती वस्तू काढून घेतात, लपवलं आणि सापडलं तर दंड होतो आणि चांगला मोठा होतो. विमानात ते कार्ड आलं की 'खायचं काही आहे का' याच्यापुढे हो लिहा, तुमच्या बॅगेत लाडू आहेत हे मला माहितेय.

आता किलो. तिकिटावर लिहिलेलं असतं, ते वाचा, आणि शे-पाचशेचा हातात धरायचा वजनकाटा घ्या. कुठल्याही एका बॅगेचं वजन ३२ किलोच्या वर गेलं तर जास्त पैसे भरूनसुद्धा घेत नाहीत. आणि हो, पोचल्यावर चिपळूणला व्हॉट्सॲप कॉल करायला जाल तर तो लागणार नाही, यूएईमध्ये ते बंद असतं, मेसेज जातात. मुलाला माहीत असेल कशावरून बोलायचं.

प्रश्न : कॅश किती न्यावी? कार्ड चालतात का? कोणी म्हणतं रुपये घेऊन जा तिकडे बदलून मिळतात. – एक वाचक, कोल्हापूर

रुपये तिकडे बदलायला नेऊ नका, मिळतात पण रेट बघून जीव जातो. तसंही भारतातून बाहेर जाताना २५,००० रुपयांच्या वर भारतीय नोटा नेता येत नाहीत. फॉरेन करन्सीच्या नोटा एका ट्रिपला ३००० डॉलरपर्यंत मिळतात, बाकीचे कार्डावर. दोघांसाठी दहा दिवसांना माझ्या मते चारशे-पाचशे युरो कॅश खूप झाली आणि बाकी फॉरेक्स कार्ड, म्हणजे परकीय चलन आधीच भरून घेतलेलं कार्ड. सगळं एकाच पाकिटात नको. आणि स्वित्झर्लंडला युरो नाही, फ्रँक चालतो. युरो घेतात काही दुकानदार पण सुट्टे फ्रँकमध्ये परत देतात, त्यांच्या मनाच्या रेटने.

नेहमीचं डेबिट-क्रेडिट कार्ड नेणार असाल तर बँकेच्या ॲपमध्ये जाऊन इंटरनॅशनल वापर चालू करा, २०२० पासून नवीन कार्डांवर तो बंदच येतो. हे घरून करा. तिकडे जाऊन करायला गेलात तर ओटीपी येणार भारतातल्या सिमवर आणि सिम असणार बॅगेच्या तळाशी.

इंटरलाकेनला एका चॉकलेटच्या दुकानात दरवेळी तोच प्रकार होतो. कार्ड लावलं की मशीनवर दोन आकडे येतात, वर फ्रँक, खाली रुपये. आपल्या माणसाला रुपये दिसले की माहेरचं कोणी भेटल्यासारखं वाटतं आणि बोट आपोआप तिकडेच जातं. दाबू नका! ते रुपये दुकानाच्या मशीनने स्वतःच्या रेटने केलेले असतात आणि त्यात त्यांचं कमिशन असतं. कायम तिथल्याच चलनात पैसे द्या. एटीएमवर पण हाच प्रश्न येतो, तिथेही हेच उत्तर.

टूर कंपनीने पॅकेजवर टीसीएस, म्हणजे पैसे घेतानाच वसूल केलेला टॅक्स, कापला म्हणून चिडलेल्यांची पण पत्रं आहेत. तो तुमच्या पॅनवर जमा होतो, तुमच्या वर्षाच्या टॅक्स स्टेटमेंटमध्ये दिसतो आणि रिटर्न भरताना वळता होतो किंवा परत मिळतो. बुडत नाही, फक्त अडकतो.

प्रश्न : आई-बाबा (वय ७० आणि ७४) माझ्याकडे अमेरिकेला येतायत, मध्ये विमान बदलायचंय. इंग्रजी फारसं येत नाही, बाबांना इन्सुलिन चालू आहे. भीती वाटते. – एक मुलगी, न्यू जर्सी (मूळ जळगाव)

पहिलं काम, दोघांना व्हीलचेअर. चालता येतं म्हणून बाबा नको म्हणतील, मोठी माणसं म्हणतातच, पण ती चालण्यासाठी नाहीच मुळी, ती बरोबर एक माणूस मिळावा म्हणून. तो मधल्या एअरपोर्टवर पुढच्या गेटपर्यंत नेतो, इमिग्रेशनच्या काउंटरला नेऊन उभं करतो. एअरलाईनला निदान ४८ तास आधी सांगून तिकिटावर नोंद करून घ्या, ऐन वेळी मागितली तर मिळेलच असं नाही.

इन्सुलिन केबिन बॅगेत, कधीही खालच्या सामानात नाही, तिथे गोठून वाया जाऊ शकतं. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी, इंग्रजीत, टाईप केलेली आणि त्यात औषधाचं ब्रँड नाव नको, मूळ घटकाचं नाव हवं, कारण आपले ब्रँड तिकडे कोणाला माहीत नसतात. गोळ्या मूळ स्ट्रिपमध्येच असू द्या. आठवड्याच्या वारांचा तो प्लास्टिकचा डबा छान असतो पण तो तिकडे पोचल्यावर भरा. (दुबई आणि जपानला जाणाऱ्यांनी इथे थांबा. कोडीन, ट्रॅमाडॉल असलेली औषधं यूएईत परवानगीशिवाय चालत नाहीत, आणि सर्दीच्या काही गोळ्यांतलं स्यूडोएफेड्रिन १० टक्क्यांच्या वर असेल तर ते जपानला चालत नाही. खोकल्याच्या औषधाची बाटली उलटी करून वाचा.)

इन्शुरन्स काढताना डायबेटिस लपवू नका. प्रीमियम वाढतो म्हणून लोक लपवतात आणि मग नेमक्या त्याच दुखण्याचा क्लेम उडतो, अमेरिकेत हॉस्पिटलचं बिल म्हणजे काय हे तुम्हाला मी सांगायला नको.

त्यांच्या हातात एक कागद द्या : तुमचं नाव, पत्ता, फोन, परतीची तारीख, फ्लाईट नंबर. ऑफिसरने विचारलं कशाला आलात तर 'मुलीला भेटायला', किती दिवस तर परतीची तारीख, बस. 'नातू सांभाळायला' असं बाबा प्रेमाने बोलून जातील, ते तिकडे काम केल्यासारखं वाटू शकतं, आधीच सांगून ठेवा. आणि भाषा अडली तर सरळ 'हिंदी' किंवा 'मराठी' म्हणायचं, दुभाषी मागायला लाजायचं नाही. आल्यावर आय-९४, म्हणजे अमेरिकेत शिरल्याची सरकारी नोंद, ऑनलाईन काढून बघा, किती दिवस राहता येईल ते त्याच्यावर ठरतं, व्हिसा १० वर्षांचा आहे याचा त्याच्याशी काही संबंध नाही.

बाकीचे पटापट.

विमानात 'हिंदू मील' निवडलं तर शाकाहारी येतं ना? (सोलापूर) – नाही! त्यात चिकन किंवा मटण येऊ शकतं, बीफ नसतं एवढंच. शाकाहारी हवं तर 'एशियन व्हेजिटेरियन' निवडा, कांदा-लसूण नको असेल तर 'जैन'. तिकिटावर आधी नोंदवा. एकादशी असेल तर राजगिऱ्याचे लाडू पर्समध्ये.

केनियाला मसाई मारा करतोय, पिवळ्या तापाची लस खरंच लागते का? (नागपूर) – लागते, आणि मुख्य म्हणजे परत येताना लागते. पिवळं कार्ड, म्हणजे लसीचं सर्टिफिकेट, नसेल तर भारतात उतरल्यावर तुम्हाला ६ दिवसांपर्यंत क्वारंटाईन करू शकतात. लस सरकारमान्य केंद्रातच घ्यायची, आणि ती घेतल्यावर १० दिवसांनी सर्टिफिकेट लागू होतं म्हणून शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. एकदा घेतली की जन्मभर चालते.

थायलंडच्या ऑनलाईन कार्डाचे एका साईटने आमच्याकडून दोन हजार घेतले. (ठाणे) – गेले ते. १ मे २०२५ पासून थायलंडला जायच्या आधीच्या ३ दिवसांत डिजिटल अरायव्हल कार्ड भरावं लागतं आणि ते संपूर्ण फुकट आहे. सिंगापूरचं पण तसंच आहे, फुकट. सर्चमध्ये सगळ्यात वर येतात त्या बऱ्याचदा जाहिराती असतात, सरकारी साईट कुठली ते पत्ता वाचून बघा, आणि कार्डाचे पैसे मागितले की लगेच बाहेर पडा.

पॉवर बँक कुठे ठेवू? २०,००० एमएएच आहे. (पुणे) – केबिनमध्येच, खालच्या बॅगेत अजिबात नाही. मर्यादा १०० वॉट-अवरची असते आणि तुमची साधारण ७४ ची होते, त्यामुळे चालेल. अंगावर आकडे खोडले गेले असतील तर नवीन घ्या, वाचता आले नाहीत तर ठेवून घेतात.

पाच तोळ्यांचं मंगळसूत्र आणि पाटल्या घालून जाऊ का, लग्नाला जातोय. (सांगली) – शक्यतो नको. जायचंच असेल तर निघताना आपल्याच एअरपोर्टवर कस्टम्सकडून एक्सपोर्ट सर्टिफिकेट करून घ्या, दागिन्यांचे फोटो आणि पावत्या घेऊन, त्यासाठी तासभर जास्तीचा धरा. नाहीतर परत येताना हे सोनं तिकडचं नाही, आपल्याच सराफाचं आहे हे सिद्ध करत बसावं लागतं.

लेकीने अमेरिकेत मिक्सर मागवलाय, घरचा देऊ का? (अमरावती) – आपला मिक्सर २३० व्होल्टवर चालतो आणि तिकडे येतात १२० व्होल्ट, नुसता पिनचा अडॅप्टर लावून काही उपयोग नाही, चटणी कधीच वाटली जाणार नाही. मोठ्या दुकानांत ११० व्होल्टचा, अमेरिकेसाठीचा म्हणून वेगळा मिक्सर मिळतो तो घ्या. खोका फेकून द्या, भांड्यांमध्ये मोजे कोंबा, आणि पाती खालच्या बॅगेत, केबिनमध्ये नको.